बेगमी

मे महिन्याच्या अखेरीस गगनबावड्याभोवतीच्या वाड्यांतून हिंडलं, की प्रत्येक घर लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखं दिसतं. अंगणात वाळलेल्या शेणी पडवीत येऊन रचल्या जातात. लाकूडफाटा कोरड्या कोपऱ्यात जातो. छपरं शाकारली जातात, माऱ्याच्या बाजूच्या भिंतींना गवताचे नि पानांचे आडोसे बांधले जातात. कणगीतला तांदूळ एकदा उपसून, ऊन देऊन पुन्हा भरला जातो. मीठ, मिरची, डाळ, आमसुलं, सुकी मासळी चुलीवरच्या माळ्यावर चढते, कारण पुढचे चार महिने घरात तेवढीच जागा कोरडी राहणार असते. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस जिथे कोसळतो, तिथे ऊनसुद्धा साठवून ठेवायची वस्तू होते. या सगळ्या तयारीला आपल्या भाषेत एकच शब्द आहे: बेगमी.

अशाच एका मेअखेरीला एका घराच्या पडवीत बसलो होतो. घरात म्हातारी एकटीच. थोरला मुलगा मुंबईला, धाकटा कोल्हापुरात फौंड्रीत. बोलता बोलता सहज विचारलं, "आजी, कसं चाललंय घरचं?" त्यांनी एकदा माळ्याकडे पाहिलं, एकदा कणगीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दसऱ्यापतोर काय घोर न्हाई बगा."

त्यांनी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, हे ध्यानात यायला मला वेळ लागला. माझ्या मनात होतं 'किती': घरात किती येतं, त्यातलं किती उरतं. त्यांनी सांगितलं 'कुठवर'. त्या दिवसापासून रोजगार, उत्पन्न, दारिद्र्य यांवर काहीही वाचायला घेतलं, की हे दोन शब्द माझ्यासमोर येऊन बसतात.

'किती'ची परंपरा थोर आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा निबंध मुंबईत वाचला. माणशी वार्षिक उत्पन्न वीस रुपये निघतं, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवलं आणि त्याच्या शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला. मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकंही येत नाही, एवढं दिसल्यावर विशेषणांची गरज उरली नाही. पुढे इंग्लंडातल्या यॉर्क शहरात चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातल्या सीबोम राउंट्री यांनी कष्टकऱ्यांच्या घराघरांची पाहणी केली. १९०१ साली पुस्तक आलं, तेव्हा त्या संपन्न देशाला कळलं, की आपल्या एका साध्यासुध्या गावातली २७.८४ टक्के माणसं दारिद्र्यात आहेत. आपल्याकडे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं ही वाट धरली. धनंजयराव गाडगिळांनी पुण्याची पाहणी केली, आणि प्रा. सोवनींनी कोल्हापूर शहराची. कोल्हापूरच्या पाहणीचे तीन खंड १९४८ ते १९५२ या काळात निघाले: एक लोकसंख्येवर, एक उद्योग, व्यापार आणि मजुरीवर, आणि एक घरांच्या राहणीवर. संस्थान विलीन होत होतं, त्याच वर्षांत कुणीतरी त्या शहराच्या उंबऱ्याउंबऱ्यावर जाऊन विचारत होतं, की तुमच्या घरात कमावतं कोण आणि खातं कोण.

त्याच संस्थेतून १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं भारतातल्या दारिद्र्यावरचं पुस्तक आलं. माणशी दिवसाला २,२५० उष्मांक पोटात जायचे, तर किती खर्च लागतो, हा त्यांचा निकष. १९६०-६१ मध्ये खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं त्याच्या खाली होती. तिथून पुढे रेषा हलत राहिली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साली महाराष्ट्रासाठी ती माणशी महिना खेड्यात ९६७ रुपये आणि शहरात १,१२६ रुपये अशी निघाली. स्वस्त धान्याच्या प्राधान्य यादीसाठी राज्यानं घराच्या वार्षिक उत्पन्नाची हद्द खेड्यात ४४ हजार, शहरात ५९ हजार ठरवली. या आकड्यांवर माणसांचं धान्य अवलंबून असतं, म्हणून त्यांना हलक्यात घेता येत नाही.

पण गगनबावड्याच्या पडवीत बसून 'माणशी महिना' हे शब्द उच्चारले, की ते अडखळतात. इथला कुठलाही महिना दुसऱ्यासारखा नसतो. तरवा टाकायचा, चिखल करायचा, रोपं लावायची, त्या दिवसांत गावात हात पुरत नाहीत; इरलं पाठीवर घेऊन सगळं घर चिखलात उभं असतं. लावण आटोपली, की पाऊस तोच आणि तेवढाच, पण हातांना पैशाचं काम नाही. सुगीत पुन्हा हात हवेत. मग खाली कुंभी नदीच्या काठानं उसाचा हंगाम. आणि उन्हाळ्यात डोंगराच्या उतारावर पुन्हा शुकशुकाट. रोजगार मोजणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असं नाही. प्रा. दांतवाला यांच्या समितीनं १९७० सालीच सांगितलं, की आपल्यासारख्या देशात बेकारीचा एकच एक आकडा काढण्यात अर्थ नाही. त्यामुळे वर्षाचा, आठवड्याचा आणि दिवसाचा, अशी वेगवेगळी मापं आली. त्यातल्या आठवड्याच्या मापात सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. एका तासाचा दिवा आठवडाभराच्या अंधारात लावायचा आणि घरात उजेड आहे असं लिहून घ्यायचं, असं त्यातून अनेकदा होतं.

काळाचं हे अंग राउंट्रींनीही ओळखलं होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मजुराच्या आयुष्यात तंगी आणि त्यातल्या त्यात बरे दिवस आलटून पालटून येतात, असं त्यांनी लिहिलं: लहानपणी तंगी, कमावता झाल्यावर थोडा मोकळा श्वास, पोरं झाली की पुन्हा ओढाताण, पोरं कमावू लागली की विसावा, म्हातारपणी पुन्हा तंगी. म्हणजे पाहणीच्या दिवशी रेषेच्या वर असलेला माणूस कधीतरी खाली होता आणि पुन्हा खाली जाणार आहे. यॉर्कच्या मजुराला ही भरती-ओहोटी जन्मभरात भोगावी लागे. सह्याद्रीच्या माथ्यावरचं घर ती दर वर्षी भोगतं. म्हणूनच तिथल्या माणसाला 'किती'पेक्षा 'कुठवर' जवळचं वाटतं.

आणि हा विचार या मातीत आजचा नाही. बावडा, म्हणजे हाच गगनबावडा, ही पंत अमात्यांची जहागीर होती. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिलं, त्यात गडांविषयीचं प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, हे तर कुणीही सांगेल. अमात्य पुढे जातात. गडावर जिवंत झरा आहे, पाणी भरपूर आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये, असं ते बजावतात. युद्धात तोफांच्या हादऱ्यांनी झरा आटतो. म्हणून झरा असला तरी दोन-चार टाकी खोदून पाण्याचा साठा करून ठेवावा. वाचताना मी इथे नेहमी थांबतो. घराची मिळकत म्हणजे झरा. तो किती वाहतो हे आपण मोजतो. पण वेढा पडल्यावर तग धरायचा तो टाक्यांवर. आजारपण, पूर, कारखान्याची टाळेबंदी, कर्त्या माणसाचा मृत्यू, हे घराला पडणारे वेढे आहेत, आणि ते पडतात तेव्हा नेमका झराच पहिल्यांदा आटतो.

आता टाकं कुणाचं आणि झरा कुणाचा, हे पाहायचं तर आधी घर म्हणजे काय ते ठरवावं लागतं. पाहण्यांमध्ये घराची व्याख्या सोपी असते: एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. व्याख्या आपलीच वाटते, कारण 'वेगळी चूल मांडली' म्हणजे घर फुटलं, असं आपणही म्हणतो. पण त्या आजींच्या घराच्या तीन चुली आहेत. एक माळ्याखाली धुमसते, एक कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत गॅसवर पेटते, एक मुंबईत. शिरगणती करणारा तीन ठिकाणी तीन घरं लिहील. गावात एक निराधार म्हातारी, जिच्या नावावर थोडी जमीन आहे. कोल्हापुरात एक तरुण कामगार, बायको आणि दोन पोरं. मुंबईत एक एकटा पुरुष, सहा जणांच्या खोलीत. तिन्ही नोंदी खऱ्या, आणि तिन्हींत मिळून ते घर कुठेच नाही. लावणीला मुंबईहून पैसे येतात म्हणून पॉवर टिलर भाड्यानं घेता येतो. लावण होते म्हणून तांदूळ पिकतो. तांदूळ पिकतो म्हणून कोल्हापुरातल्या सुनेला महिन्याच्या किराण्यात तेवढी सवड मिळते. कुटुंब गगनबावडा-कोल्हापूर रस्त्याच्या दोन्ही टोकांना राहतं आणि मधले पन्नास-पंचावन्न किलोमीटर त्याच्या अंगणात मोडतात.

हे जुनंच आहे. हॅरॉल्ड मान या पुण्याच्या शेती कॉलेजच्या प्राचार्यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाव केवळ आपल्या जमिनीवर जगूच शकत नाही, खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या बाहेरच्या कामाची मजुरी त्याला सावरून धरते, हे त्यांना दिसलं. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी सातारा, सांगली, कोल्हापूरच्या डोंगराळ गावांना वर्षानुवर्षं असंच सावरून धरलं. एका खोलीत एका गावची माणसं राहत, पाळीपाळीनं झोपत, खानावळीत जेवत आणि महिन्याची मनीऑर्डर गावी धाडत. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मुंबईची चूल विझली आणि गावाकडच्या चुलीनं त्या माणसांना सांभाळलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हाही शहरात पोटाला आलेला माणूस चालत, ट्रकमधून, मिळेल तसा गावाकडच्या टाक्याच्या दिशेनं निघाला. दांडेकर-रथ यांनी म्हटलं होतं, की शहरातला गरीब म्हणजे खेड्यातल्या गरिबीचा शहरात सांडलेला ओघ. ते खरंच आहे. त्यात मला एवढीच भर घालावीशी वाटते, की हा ओघ उलटाही वाहतो. शहराच्या वाईट दिवसांचा भार अखेर कणगीवर येऊन पडतो, आणि शहराच्या पाहणीत तो कधीच दिसत नाही.

इथे एका भुलीपासून स्वतःला सावध करायला हवं. बेगमी या शब्दाला जुन्या घराची ऊब आहे, पण ती ऊब सगळ्यांच्या वाट्याला आली नव्हती. ज्याला जमीन नाही, त्याची कणगी कुठली? डोंगराच्या कडेच्या धनगरवाड्यांवर, गावाच्या टोकाच्या वस्त्यांवर पावसाळा म्हणजे उपासाचे महिने होते. जमीनवाल्याच्या भरलेल्या कणगीतून त्यांना धान्य मिळे ते पुढच्या कामाच्या बोलीवर. आणि भरल्या घरातही बेगमी पुरवायची जबाबदारी होती ती सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईची. साठा दसऱ्यापर्यंत पुरला, यामागे कितीदा तिचं अर्धं पोट होतं, हे कुठल्याही कणगीवर लिहिलेलं नसतं. तेव्हा गेलेला काळ मला परत नको आहे. हवा आहे तो फक्त त्या काळानं घडवलेला एक नेमका प्रश्न.

त्या प्रश्नानं आजच्या शहराकडे पाहिलं, की जे दिसतं ते अस्वस्थ करतं. बेगमीच्या उलट अर्थाचा शब्द आपल्याकडे आहे: उचल. बेगमी म्हणजे कालचे कष्ट उद्यासाठी ठेवणं. उचल म्हणजे उद्याचे कष्ट आजच खाऊन टाकणं. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतात, आणि कोयता हातात येण्यापूर्वी ते पैसे लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात गेलेले असतात. मला आता दिसतं, की ही रीत रानातून उठून शहरात आली आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापुरात साडेपाच लाख माणसं होती आणि अख्ख्या गगनबावडा तालुक्यात छत्तीस हजारांच्या आसपास. पण उचलीचा रिवाज आता दोन्हीकडे सारखाच आहे. फौंड्रीतला ठेकेदारीवरचा कामगार, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, सेंट्रिंगवाला, घरकामाला जाणारी बाई, यांच्या हातात येणारा महिन्याचा आकडा पंचवीस वर्षांपूर्वीच्या मानानं पुष्कळ मोठा आहे. मोटरसायकल आहे, मोबाइल आहे, पोरं इंग्रजी शाळेत आहेत. 'किती' विचारलं तर हे घर रेषेच्या बरंच वर निघेल. पण गाडीचा हप्ता आहे, मोबाइलचा हप्ता आहे, बायकांच्या गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता आहे, आणि एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज आहे. 'कुठवर' विचारलं तर उत्तर येतं: पुढच्या शनिवारपर्यंत.

माझ्या मते गरिबीची खरी रेषा इथून जाते. जे घर कालच्या श्रमावर आज उभं आहे ते, थोडकं का मिळवेना, सावरलेलं असतं. ज्या घरानं उद्याचे श्रम आजच गहाण टाकले, त्याचा आकडा कितीही फुगो, ते घर वेढ्यात सापडलेलं असतं. पहिल्याला नको असलेल्या कामाला नाही म्हणता येतं. दुसऱ्याला येत नाही. मजुरीचा दर ठरवताना, तापातही भट्टीसमोर उभं राहताना, मुलाची शाळा सोडवताना, हा नकार देता येणं किंवा न येणं हाच माणसाच्या मोकळेपणाचा हिशेब असतो.

गगनबावड्याचा पाऊस हे सगळं दर काही वर्षांनी उघडं करून दाखवतो. इथे पडलेलं पाणी कुंभीतून उतरतं, कासारी, तुळशी, भोगावतीला भेटून पंचगंगा होतं आणि कोल्हापूरच्या दाराशी येऊन उभं राहतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ते दारातून आत शिरलं. ज्या डोंगरावर तो पाऊस प्रत्यक्ष कोसळला, तिथली घरं माळ्याखाली शेकत बसली होती. त्यांनी त्या पावसाची वाट मे महिन्यापासून पाहिली होती. खाली शहरात, पाण्याकाठच्या वस्त्यांत, रोजच्या रोजावर चालणाऱ्या घरांत मात्र आठवडाभराच्या बंदसाठीही काही साठवलेलं नव्हतं. एकच पाऊस, एकाच नदीची दोन टोकं. पुराची पातळी आपण राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतो. घराची धोका पातळी मोजायची पट्टी आपण अजून उभारलेली नाही.

टाकं खोदणं हे एकेकट्या घराचं काम नसतं, हेही याच भागानं देशाला शिकवलं आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ साली आपल्या भागात एक प्रयोग करून पाहिला: जो काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात त्याची रोजगार हमी झाली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ साली देशानं त्याच धर्तीवर कायदा केला. यातली मला सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट पैशाची आहे. ही योजना चालावी म्हणून शहरातल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. मुंबई-पुण्यातल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा थोडे रुपये कापले गेले आणि दुष्काळी गावातल्या बाईच्या हाती खडी फोडण्याची का होईना, मजुरी आली. शहरानं गावासाठी खोदलेलं ते टाकं होतं. केरळनं २०१० साली शहरातल्या गरिबांनाही कामाची हमी देणारी योजना काढली. ज्या महाराष्ट्रानं ही कल्पना जन्माला घातली, त्यानं नाक्यावर उभ्या माणसाला अजून तशी हमी दिलेली नाही. पागे-गाडगीळ-दांडेकरांच्या प्रांतात हे राहून जावं, याचं मला दुःख आहे.

पुढच्या वेळी कुणी शहराच्या घरांची पाहणी करायला निघेल, तेव्हा त्यानं 'किती' जरूर विचारावं. त्याखाली आणखी दोनच रकाने आखावेत. उद्यापासून मिळकत थांबली तर घर कुठवर चालेल? आणि या घराची दुसरी चूल कुठे आहे? ही दोन उत्तरं हाती आली, तर आपल्याला कळेल की कुठे झरा वाढवायला हवा आणि कुठे टाकं खोदायला हवं.

त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं मी कोल्हापूरला परतलो. आजींनी कंडक्टरच्या हवाली एक पोतं केलं होतं, सुतळीनं तोंड शिवलेलं. आत तांदूळ, थोडा नाचणा, फडक्यात बांधलेली आमसुलं. स्टँडवर धाकटा मुलगा उभा होता, कपड्यांवर फौंड्रीची काळी रेती तशीच. पोतं खांद्यावर घेण्याआधी त्यानं ते दोन्ही हातांनी जोखलं आणि फोन लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "आये, सगळं मलाच धाडलंस काय? तुला दसऱ्यापतोर ऱ्हायलं न्हवं?"